घोरणं, वजन आणि मन : तीन फायलींची एक वही

माझ्याकडे तीन फायली होत्या. निळी वजन-बीपीची, हिरवी मनाच्या डॉक्टरांची आणि तिसरं एक पिवळं पाकीट, ‘झोप लागत नाही’ म्हणून ठिकठिकाणी दाखवलेल्या चिठ्ठ्यांचं. तिन्ही एकाच कपाटात, एकाच कप्प्यात. पण निळ्या फायलीच्या डॉक्टरांनी हिरवी कधी पाहिली नाही आणि मीही कधी नेली नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचं माझं काम. दुसऱ्याच्या खात्यात चार रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधतो. स्वतःच्या तीन खात्यांचा ताळा मात्र पाच वर्षं घातला नाही.

तो घातला बायकोने. एके सकाळी चहा पुढे ठेवत म्हणाली, “अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो. मी मोजलं. वीस आकडे झाले तरी आला नाही.” मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या रात्री तिने मोबाईलवर शूट करून दाखवलं. तो व्हिडिओ मला शेवटपर्यंत बघवला नाही.

मी डॉक्टर नाही. खालचे आकडे आणि कारणं डॉक्टरांकडून आणि वाचून समजून घेतलेली आहेत, क्रम मात्र माझा आहे. वजन, झोप आणि मन तिन्ही एकमेकांत गुंतली असतील तर गाठ झोपेच्या टोकाकडून सोडवायला घ्यावी, असं माझं मत झालंय. झोपेतला श्वास एका रात्रीत मोजता येतो. वजन हलायला महिने लागतात आणि उदास माणसाला ‘उठ, चालायला जा’ म्हणणं सोपं असलं तरी उठणं सोपं नसतं.

गाठ बसते कशी

वजन वाढलं की चरबी फक्त पोटावर बसत नाही. मानेभोवती आणि जिभेच्या मुळाशीही साठते. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात आणि वाट अरुंद होते. हवा फडफडत जाते तेव्हा घोरणं ऐकू येतं. वाट पूर्ण मिटली की शांतता, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, थांबले एकदाचे. ती शांतताच धोक्याची. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा घोगरा श्वास येतो आणि परत तेच. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास १० सेकंद किंवा जास्त अडला की एक नोंद धरतात. तासाला ३० नोंदी म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणीतरी खांदा हलवून उठवल्यासारखं. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आठ तास झोपलो आणि अंग मात्र ठेचल्यासारखं आहे.

आता या माणसाचा दिवस बघा. डोकं जड, तोंड कोरडं, रात्री तीनदा लघवीला उठलेला, बीपी गोळीने उतरत नाही. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आवडीच्या गोष्टीत रस उरत नाही. डिप्रेशनची लक्षणं विचारली तर हाच माणूस निम्म्याहून जास्त प्रश्नांना ‘हो’ म्हणेल. म्हणून हे दोन आजार एकमेकांच्या नावाखाली लपतात. कित्येकदा दोन्ही खरोखरच एकत्र असतात.

भूक वेगळीच खेळी करते. शिकागोमध्ये २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक पेटवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. सायंकाळी पाच वाजता कारखान्याच्या गेटवर भज्यांचा घाणा पडला की माझे पाय तिकडे का वळतात, याचं उत्तर मला त्यात मिळालं. याच शहरात २०२२ साली उलटा प्रयोग झाला. कमी झोपणाऱ्या ८० जाडसर माणसांची झोप सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढवली. खाण्याबद्दल एक शब्द सांगितला नाही, तरी त्यांचं रोजचं खाणं सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं.

मनाचा धागा दोन्हीकडून ओढला जातो. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१० साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र मोजले. लठ्ठ माणसाला पुढे डिप्रेशन येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली आणि डिप्रेशन असलेल्याला लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. त्यात मनाच्या काही औषधांनी वजन वाढतं ते वेगळंच. आणि लग्नकार्यात ‘काय, तब्येत सुधारली की!’ म्हणत पोटावर थाप मारणारे पाहुणे. त्यांच्यावर अजून औषध निघालेलं नाही.

एक खुलासा. बारीक माणसालाही ॲप्निया होतो, जबडा लहान किंवा मागे असेल तर. आणि प्रत्येक जाड माणसाला तो असतोच असंही नाही.

पहिलं काम : चौदा दिवसांची वही

दवाखान्यात जाण्याआधी एक साधी वही करा. मोबाईलचं ॲप नको, झोपेचे आकडे बघून काही जणांची उरलेली झोपही उडते.

पहिल्या पानावर मापं. उंची, वजन, कंबर, मान. कंबर पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजायची नाही. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, अंगावरचा कपडा वर करून, श्वास सोडल्यावर टेप लावायची. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही हद्द धरतात. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावी. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. माझं ८६ किलो, उंची १.६५ मीटर, म्हणजे ३१.६. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. परदेशी तक्त्यांतले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू करू नयेत. कमी वजनातही आपल्या पोटात चरबी जास्त साठते. मानेचं माप घेणं जमत नसेल तर शिंप्याला विचारा. कॉलर १६ इंचांची किंवा वर असेल, म्हणजे मान ४० सेंटीमीटरच्या पुढे, तर कान टवकारा.

पुढच्या चौदा पानांवर रोज सकाळी पाच ओळी. अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली आणि कशामुळे, कधी उठलो. दिवसा डुलकी किती. चहा किती आणि शेवटचा किती वाजता. रात्री शेवटचं काय आणि कधी खाल्लं. मन कसं होतं, शून्य ते दहा. हे सगळं सकाळी अंदाजाने लिहायचं, रात्री उठून घड्याळ बघायचं नाही.

सोलापूरकरांनी एक रकाना जास्तीचा आखावा, पाण्याचा. आपल्याकडे काही दिवसांआड येणारं पाणी कधी रात्री दोनला येतं, कधी पहाटे चारला. मोटर लावायला, भांडी भरायला घरातली एकच व्यक्ती उठते, आणि ती बहुतेक बाई असते. दोन आठवड्यांत अशा चार रात्री गेल्या असतील तर ‘मला निद्रानाश आहे’ म्हणण्याआधी तो रकाना बघा. घरातल्यांनी पाळ्या लावल्या तर गोळीपेक्षा मोठं काम होतं.

या वहीने आमच्या शेजारच्या अक्कांचा गुंता सुटला. अक्का विड्या वळतात. दिवसभर मांडीवर सूप, बसून बसून वजन वाढलेलं, मुलगा पुण्याला गेल्यापासून रडू येतं. सगळ्यांनी ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिलेलं. त्यांच्या वहीत जवळपास रोज एकच तक्रार होती, “पाय सळसळ करूलालेत, हलवलं की बरं वाटतंय, झोप येऊलाली नाही.” त्या घोरत नव्हत्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी आणि शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला. अस्वस्थ पायांच्या या विकाराचं लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तो वाढतो. त्यांना लोह सुरू झालं. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही एवढं मात्र तीनदा सांगावं लागलं, कारण चहातल्या घटकांमुळे लोह नीट शोषलं जात नाही.

दुसरं काम : रात्रीचा साक्षीदार

झोपलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नाही. नवरा, बायको, आई, कुणीतरी एक-दोन रात्री पहाटेच्या सुमारास दहा मिनिटं लक्ष द्यावं आणि व्हिडिओ घ्यावा. पहाटे यासाठी की स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते, स्नायू सगळ्यात सैल असतात आणि त्रासही बऱ्याचदा तेव्हा वाढतो.

मग आठ प्रश्न, डॉक्टर विचारतात तेच. दाराबाहेर ऐकू येईल असं घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? बीपी आहे का? बीएमआय ३५ च्या वर? वय ५० च्या वर? मान ४० सेंटीमीटरच्या वर? पुरुष आहात का? दोनपर्यंत ‘हो’ आले तर धोका कमी, तीन-चार असतील तर मध्यम, पाच किंवा अधिक असतील तर तपासणी टाळू नका.

बायकांच्या बाबतीत ही यादी फसवते. त्यांचं घोरणं कमी आवाजाचं असतं किंवा त्या सांगत नाहीत. तक्रार असते ती डोकेदुखीची, थकव्याची, मध्यरात्री जाग येण्याची, मन लागत नसल्याची. पाळी गेल्यावर आणि पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार, असलेल्या मुलींमध्ये ॲप्नियाचं प्रमाण वाढतं. अशा बाईला ‘वयाचं आहे’ म्हणून परत पाठवलं तर दुसरा डॉक्टर गाठा.

गाडी चालवताना डोळा लागला असेल, मग तो पुणे रस्ता असो की विजापूर रस्ता, तर तपासणी होईपर्यंत चाक हातात घेऊ नका. हे मी दरडावून सांगतोय.

तिसरं काम : तिन्ही फायली एका पिशवीत

पहिल्यांदा घरच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिशियनकडे जा. सोबत वही, व्हिडिओ आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. यादी नको, पट्ट्याच न्या. आपण नाव चुकवतो, पट्टी चुकत नाही.

डॉक्टरांना सांगायचं वाक्य मी तयार करून गेलो होतो : “वजन, झोप आणि मन या तिन्हींचा त्रास आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे का ते बघाल का?” एवढ्याने संभाषणाची दिशा बदलली. बीपी, साखरेसाठी एचबीए१सी, थायरॉईडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि गरज वाटली तर फेरिटिन, इतक्या साध्या तपासण्यांत बरंच उलगडतं. थायरॉईड मंद असेल तर वजन, सुस्ती आणि उदासी तिन्ही एकदम येतात, आणि उपाय रोजची एक गोळी असतो.

खाजगी दवाखान्यांच्या चकरा परवडत नसतील तर आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. मेडिसिन, कान-नाक-घसा आणि मनोविकार एकाच आवारात. रांगा आहेत, नाही असं नाही. पण तिन्ही फायली एका जागी जाण्याची सोय तिथे आहे.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. एका दवाखान्यात मला कुणी न तपासता झोपेची गोळी लिहून दिली आणि मी ती आठ महिने घेतली. त्या जातीच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वास अडल्यावर जागं होण्याची मेंदूची धडपड बोथट करतात. माझं घोरणं वाढलं, सकाळ आणखी धुरकट झाली. घोरणाऱ्या माणसाने ॲप्निया तपासल्याशिवाय अशी गोळी सुरू करू नये. आधीपासून चालू असेल तर एकदम तोडूही नये, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यावी. दुसरी गोष्ट, ओलान्झापिन, क्वेटियापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, ॲमिट्रिप्टिलिन यांनी वजन वाढू शकतं. यातली एखादी चालू असेल आणि महिन्याला दोन-तीन किलो चढत असतील तर मनाच्या डॉक्टरांना आकडा दाखवा. पर्याय बरेचदा असतो. वजनाच्या रागाने गोळी स्वतःच बंद करणारे मी दोघं पाहिलेत आणि दोघांचेही हाल झाले.

चौथं काम : तपासणी आणि मशीन

झोपेची तपासणी दोन प्रकारची. दवाखान्यात रात्रभर राहून मेंदू, डोळे, हृदय, श्वास सगळं नोंदवणारी पूर्ण तपासणी, किंवा घरी नेऊन नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावायची छोटी. सरळसोट ॲप्नियाचा संशय असेल तर छोटी पुरते. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल, वजन फार जास्त असेल, तर मोठीच करावी. फार जाड माणसात दिवसाही श्वास उथळ राहून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा एक वेगळा आजार असतो आणि तो छोट्या तपासणीत नीट कळत नाही.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा शोधा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा अर्धवट झाला. ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, वर गेला की तीव्र. माझा ३८ आला होता. रिपोर्ट हातात घेऊन मी सात रस्त्यावर गाडी बाजूला लावून बसलो. भीती कमी आणि सुटका जास्त वाटली. मी आळशी नव्हतो!

मध्यम-तीव्र ॲप्नियावर मुख्य उपाय म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली तो पुढे आणला. छोटं मशीन मास्कमधून हवेचा हलका दाब देत राहतं आणि घशाची वाट मिटू देत नाही. ऑक्सिजनचं मशीन वेगळं, हे वेगळं. शेजारीपाजारी ‘ऑक्सिजन लागला’ अशी आवई उठते म्हणून सांगून ठेवतो.

मशीन विकत घेण्याआधी भाड्याने वापरून बघा आणि मास्क तीन प्रकारचे लावून बघा. मी पहिला आठवडा मास्क उपटून फेकत होतो. उपाय निघाला तो असा : संध्याकाळी बातम्या बघताना, जागेपणी, अर्धा तास मास्क लावून बसायचं. घुसमटीची सवय मोडते. रात्री निदान चार तास आणि दहापैकी सात रात्री, इतका वापर झाला तर डॉक्टर त्याला किमान म्हणतात. जास्त झाला तर फायदाही जास्त.

सोलापुरात तीन अडचणी हमखास येतात. हवा कोरडी, त्यामुळे नाक सुकून रक्त येतं. मशीनसोबतचं पाण्याचं भांडं वापरा, शक्यतो डिस्टिल्ड पाणी घाला आणि सकाळी ओतून सुकवा. दुसरी, कापसाची तूस. माग किंवा टॉवेलचा कारखाना घराशेजारी असेल तर फिल्टर आठवड्याला बघा, माझा पंधरा दिवसांत करडा झाला होता. तिसरी, वीज. लाईट गेली तर मास्कला छिद्रं असतात, लगेच गुदमरायला होत नाही, मास्क काढून ठेवायचा. इन्व्हर्टर असेल तर पंख्याच्या जोडीला मशीनही चालतं. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की आम्ही गच्चीवर झोपतो, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड घेऊन मशीनही वर येतं.

मशीन लागलं म्हणून वजन आपोआप उतरत नाही. मला वाटलं होतं उतरेल. उलट काहींचं थोडं वाढतं, कारण रात्रभर श्वासासाठी चाललेली ओढाताण थांबते. मशीन देतं ती सकाळची ताकद. ती कुठे वापरायची ते आपलं आपण ठरवायचं.

सौम्य त्रास असेल तर कुशीवर झोपूनही फरक पडतो. पाठीमागे सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी लावली की माणूस उताणा होत नाही. आणि दारू. दोन पेगनेही घसा आणखी सैल पडतो आणि रात्रीचा उत्तरार्ध वाया जातो.

पाचवं काम : ज्यांना झोपच लागत नाही त्यांच्यासाठी

घोरणं वेगळं आणि तासन्‌तास छताकडे बघत पडणं वेगळं. या दुसऱ्या त्रासावर गोळीच्या आधी एक खास समुपदेशन करावं असं डॉक्टर सांगतात, निद्रानाशाची सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत. तिचा गाभा घरी सुरू करता येतो.

उठायची वेळ पक्की करा, रविवारीही तीच. अंथरूण फक्त झोपेसाठी. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा. मी जुन्या पासबुकांच्या नोंदी वाचतो, हमखास पेंग येते. डोळे जड झाले की परत. पहिले चार-पाच दिवस जास्त थकवा येतो, तिथेच लोक सोडतात. अंथरुणातला वेळ ठरवून कमी करण्याची पद्धतही परिणामकारक आहे. पण ज्यांना फिट येतात, बायपोलर, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढ-उतारांचा आजार, आहे किंवा ज्यांचं काम गाडी-यंत्रावर आहे त्यांनी ती डॉक्टरांशिवाय करू नये.

चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. शेवटचा कप दुपारी तीनला. मला हे सगळ्यात जड गेलं.

रात्रपाळीच्या कामगाराला हे नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत. पाळी सुटल्यावर घरी येताना काळा चष्मा घाला, सकाळचं ऊन मेंदूला ‘दिवस झाला’ सांगतं. खिडकीला जाड चादर लावा. सुट्टीच्या दिवशीही निदान चार तासांची झोप त्याच वेळेत ठेवा. मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी, रात्री दोन वाजता हलकं. पाळ्या फिरत्या असतील तर दिवस, मग संध्याकाळ, मग रात्र असा क्रम मालकाकडे मागा. उलट्या क्रमाने शरीर जास्त बिथरतं.

सहावं काम : मन

झोप सुधारायला लागल्यावर चार ते आठ आठवड्यांनी मनाचा हिशेब पुन्हा करा. डॉक्टर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली देतात, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, २७ पैकी गुण. १० किंवा अधिक आले तर नीट तपासावं. यातले झोप, थकवा, भूक आणि लक्ष हे चार प्रश्न ॲप्नियानेही वर जातात. म्हणून उपचाराआधी आणि नंतर असे दोन आकडे हवेत. माझे १६ वरून ९ झाले. उरलेले नऊ झोपेचे नव्हते, ते माझे स्वतःचे होते, आणि त्यासाठी हिरवी फाईल चालूच आहे. मशीन आलं म्हणून मनाची गोळी बंद करायची नसते.

झोप कमी होऊनही अंगात भलताच जोर, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातोय, असं कुणाचं दिसलं तर तो उत्साह समजू नका. मनोविकारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा.

जगणं नको असे विचार येत असतील तर वही, वजन, क्रम सगळं बाजूला. सरकारची मनाच्या मदतीची फोनसेवा टेली-मानस, नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. घरातल्याने त्या माणसाला एकटं सोडू नये आणि सिव्हिलच्या किंवा जवळच्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत न्यावं. लाजेचा खर्च फार मोठा पडतो. पैशाचीच अडचण असेल तर विम्याचे कागद काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा देणं कंपन्यांना बंधनकारक केलंय.

सातवं काम : ताट

मुद्दाम शेवटी घेतलं. न झोपलेल्या माणसाला डाएट सांगणं म्हणजे गळक्या टाकीत मोटर लावणं.

आपलं जेवण मुळात वाईट नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक यावर माणूस बारीक राहू शकतो. घोटाळा होतो तो शेंगाच्या चटणीत. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि आपण चटणी ‘तोंडी लावणं’ म्हणून मोजतच नाही, वर तेल घेतो. टीव्हीपुढे कडक भाकरीचे तुकडे आणि चटणी रात्री अकराला चालू असते, त्याला मी जेवण धरतच नव्हतो. चटणी सोडा असं सोलापूरकराला सांगायची माझी छाती नाही. चमच्याने मोजा, रात्री आठच्या आत खा.

रात्रीच्या जेवणानंतर दिवसातल्या खाण्याचा चौथा भाग जात असेल, किंवा मध्यरात्री उठून खाल्ल्याशिवाय झोप लागत नसेल, तर तो आजारही असू शकतो. अमेरिकेतल्या अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ सालीच त्याचं वर्णन केलंय. तोंडावर ताबा नाही म्हणून स्वतःला कोसू नका, मनाच्या डॉक्टरांना सांगा.

लक्ष्य लहान ठेवा. पहिल्यांदा वजनाच्या पाच टक्के, माझ्या बाबतीत साधारण चार किलो. विस्कॉन्सिनच्या एका मोठ्या पाहणीत, २००० साली, वजन १० टक्के उतरलेल्यांचा एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसला. चालायला सकाळी संभाजी तलावाकडे जा, उन्हाळ्यात सहाच्या आत. सकाळच्या उजेडाने रात्रीची झोपही वेळेवर येते, म्हणजे एका चपलेत दोन कामं. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइडच्या इंजेक्शनची चर्चा हल्ली फार आहे. लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली आणि मार्च २०२५ मध्ये ते भारतात विक्रीला आलं. खर्चिक आहे, मळमळ होते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. कुणाच्या भावाने घेतलं म्हणून तर नाहीच.

तीन महिन्यांनी

वहीचं पहिलं पान काढा आणि तीच मापं परत घ्या. कंबर, मान, वजन, बीपी, दोन प्रश्नावल्या. मशीनच्या आत वापराची नोंद असते, ती डॉक्टरांना दाखवा. तास चांगले भरलेत आणि तरी दिवसा पेंग येतेय तर मास्कमधून हवा गळते का, दाब पुरेसा आहे का, की दुसरंच काही आहे, ते तेव्हा शोधायचं. वजन बरंच उतरलं तर दाब कमीही करावा लागतो. माझे सहा किलो गेलेत, कॉलर साडेसोळावरून सोळावर आली. दाब पुन्हा ठरवायची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि या खेपेला तिन्ही फायली एकाच पिशवीत भरून बायकोने दाराशी आत्ताच ठेवल्यात.